नसलेल्या वासाचा शोध



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना हसू आले असेल. जी वस्तू आहे आणि सापडत नाही तिचा शोध घेणे समजण्यासारखे आहे. पण जी मुळात नाहीच तिचा शोध काय घ्यावयाचा? आम्हांलाही हा प्रश्न एके काळी हास्यास्पदच वाटला असता. परंतु अशा एका शोधात आमची दोन वर्षे गेली, घरची शांती गेली, काही पैसे गेले, आणि एकदा तर घर जाण्याचीच वेळ आली होती. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हा मनाशी ठरवले, की या खेपेस गणिताच्या इतिहासावर न बोलता या नाकाच्या इतिहासावरच बोलावे. आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले. तेव्हा आम्ही सांगू ते एका रोग्याचे सांगणे आहे, आणि त्याला वाचनाची व तज्ज्ञांना विचारून घेतलेल्या माहितीची जोड आहे, एवढे समजून ऐकावे.

१९२१ साली नव्हे, २०२१ साली, म्हणजे करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल महिन्यात आम्हांला तो ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण नाक बंद पडले. चोंदले होते असे नव्हे. श्वास मोकळा होता, वास तेवढा नाहीसा झाला होता. आंब्याच्या दिवसांत अढीपाशी बसावे आणि गवताचासुद्धा वास येऊ नये, अशी अवस्था. पाच-सहा आठवड्यांनी थोडे थोडे उमगू लागले तेव्हा आनंद झाला. तो आनंद ऑगस्टपर्यंत टिकला.

ऑगस्टमध्ये एका पहाटे जाग आली ती करपटाणीने. रबर जळावे, किंवा विजेच्या तारेवरचे वेष्टण वितळावे, तसा तो वास होता. आमचे घर जुने, लाकडी माडीचे. अंथरुणातून उठलो, मीटरपाशी गेलो, एकेक बटण हाताने चाचपून पाहिले. घरातल्यांना उठवले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मला तर काहीच येत नाही." त्यांचे नाक आमच्या घरात प्रमाण मानले जाते, शेजारच्या घरी फोडणीत मोहरी आधी पडली की जिरे, हे त्या इथून सांगतात. पण त्या दिवशी आम्ही त्यांच्या नाकावर विश्वास ठेवला नाही.

मग शोधास प्रारंभ झाला. वायरमनला बोलावले. त्याने दोन दिवस खपून सगळे जोड उघडले, एक जुनी तार बदलली आणि पैसे घेऊन गेला. वास राहिला. मग संशय मोरीवर गेला, मग माडीच्या फळ्यांखाली मेलेल्या उंदरावर. दोन फळ्या उचकटल्या. तिथे १९७४ सालचे एक पंचांग मिळाले, उंदीर मिळाला नाही. मग शेजारी कचरा जाळतात अशी आमची खात्री झाली आणि त्यांच्याशी बोलाचाली झाली. ते बिचारे म्हणाले, "काका, आमच्याकडे घंटागाडी येते, आम्ही कशाला जाळू?" हे आम्हांला आज सांगताना ओशाळे वाटते. पण त्या वेळी आम्ही खरोखर वास काढीत हिंडत होतो, आणि ज्याला वास येतो आहे त्याला तो वास नाही हे पटवणे फार कठीण असते.

ते का कठीण, याचे थोडे उत्तर आपल्या भाषेत आहे. मराठीत आपण "वास येतो" असे म्हणतो. येतो म्हणजे कुठून तरी येतो. वास हा पाहुणा आहे. त्याला गाव असलेच पाहिजे, असे आपण बोलतानाच गृहीत धरतो. आपल्या न्यायशास्त्राचेही मूळ म्हणणे तेच आहे: गंध हा पृथ्वीचा गुण, आणि इंद्रियाचा विषयाशी संबंध आला म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान होते. विषयच नसेल तर? त्याला शास्त्रकारांनी भ्रम म्हटले. दोरीवर साप दिसतो, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. पण तिथे निदान दोरी तरी असते. आमच्या प्रकरणात दोरीही नव्हती.

घरात हळूहळू बोलणे सुरू झाले. एक आप्त म्हणाले, वास्तूत काहीतरी आहे, उतारा टाका. एका डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून सांगितले, "वयोमानाने मन असे खेळ खेळते," आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही फार विचार करता." सगळ्यांच्या बोलण्यात प्रेम होते, पण त्या सगळ्याचा अर्थ एकच होता: तुम्हांला होते आहे ते होत नाही. मंडळी, दुखणे सोसता येते. पण दुखण्यालाच कोणी दुखणे म्हणेना, म्हणजे माणूस एकटा पडतो. तीन महिने आम्ही घरात त्या वासाचा उच्चार केला नाही. वास मात्र रोज येत होता.

शेवटी आमची जुनी विद्यार्थिनी, जी आता कान-नाक-घशाची तज्ज्ञ आहे, तिच्याकडे गेलो. तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे: "सर, वास खरा नसेल, पण तुम्हांला तो येतो हे खरे आहे." त्या एका वाक्याने आमचे अर्धे ओझे उतरले. मग तिने आम्हांलाच गृहपाठ दिला. एक वही करावी. वास केव्हा येतो, किती वेळ टिकतो, त्या वेळी काय करीत होतो, हे लिहावे. घराबाहेर, मोकळ्या मैदानात येतो का ते पाहावे. आणि वास येत असताना आधी एक नाकपुडी, मग दुसरी, दाबून धरावी.

गणिताच्या मास्तराला हे पसंत पडले, कारण ही निरसनाची रीत झाली. वासाच्या तक्रारीचे चार प्रकार संभवतात, आणि ते एकेक करून बाजूला काढावे लागतात. पहिला, वास खरा आहे, उगम बाहेर आहे, फक्त इतरांना तो जाणवत नाही. दुसरा, वास खरा आहे, पण उगम आपल्याच नाकातोंडात आहे. वरच्या दाढेचे मूळ किडून गालाच्या हाडातल्या पोकळीत पू झाला, तर एका बाजूला सतत घाण येते. लहान मुलाने नाकात चिंचोका किंवा हरभरा घालून ठेवला तरी एकाच नाकपुडीतून दुर्गंध येतो, आणि तो आईलाही येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे 31 रोग मोजले आहेत आणि त्यांत पूतिनस्य म्हणून दुर्गंधाचा रोग निराळा काढला आहे. म्हणजे हा भेद आपल्याकडे जुना आहे. तिसरा प्रकार, वस्तू खरी पण वास विपरीत. करोनानंतर हा फार जणांना झाला. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेले पदार्थ सडल्यासारखे वाटू लागले. इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी 2022 साली दाखवले, की कॉफीतील काही थोडे गंधकयुक्त रेणूच हा किळसवाणा विपर्यास मुख्यतः घडवतात. आणि चौथा प्रकार आमचा: वस्तूच नाही, वास मात्र आहे. याला आपण आभासी वास म्हणू.

हा आभास उत्पन्न कसा होतो हे समजण्यासाठी नाकाची रचना थोडी सांगितली पाहिजे. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, छताशी, टपाल तिकिटाएवढा त्वचेचा तुकडा आहे. त्यात लक्षावधी चेतापेशी असतात. त्यांचे धागे चाळणीसारख्या एका पातळ हाडाच्या छिद्रांतून वर मेंदूत जातात. माणसाला वास ओळखणाऱ्या ग्राहकांच्या सुमारे 400 जाती आहेत, आणि प्रत्येक पेशी एकाच जातीचा ग्राहक बाळगते. ग्राहकांच्या या कुळाचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 साली प्रसिद्ध केला, आणि 2004 साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एखादा वास म्हणजे एक स्वर नव्हे. पेटीच्या पुष्कळ पट्ट्या एकदम दाबल्यावर उमटणारा मेळ आहे. आता कल्पना करा, की काही पट्ट्या मोडल्या आणि काही दाबलेल्याच अडकून राहिल्या. कोणी वाजवीत नसतानाही पेटी बेसूर आवाज करील. आभासी वास तसा असतो, असे तज्ज्ञांचे साधारण मत आहे. वासाच्या या पेशी जन्मभर मरत आणि नव्या होत असतात, ही निसर्गाची मोठी कृपा. करोनाचा विषाणू मुख्यतः त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घाला घालतो. तटबंदी ढासळली की आतली वस्तीही उद्ध्वस्त होते. वस्ती पुन्हा उभी राहते, पण तारा जोडताना घोटाळे होतात.

मात्र सगळाच दोष नाकाचा नसतो, आणि इथे विषय गंभीर होतो. लंडनचे थोर मेंदूवैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी बीव्हर यांच्यासह 1889 साली एका स्वयंपाकिणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला झटके येत, आणि त्या वेळी काहीतरी घाणेरडे जळत असल्याचा भयंकर वास येई. ती वारल्यावर मेंदूच्या उजव्या कानशिलाकडच्या भागात गाठ सापडली. त्यावरून वासाचे केंद्र मेंदूत कुठे असावे याचा माग लागला. पुढे कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी जागे असलेल्या रोग्यांच्या मेंदूला शस्त्रक्रियेच्या वेळी विजेचा सूक्ष्म स्पर्श केला, तेव्हा काहींना समोर काही नसताना वास आला. अमेरिकेचा विख्यात संगीतकार जॉर्ज गर्श्विन याला 1937 साली जळक्या रबराचा वास येऊ लागला. डोके दुखे, वाजवताना हात चुके. मानसिक ताण असे समजून दिवस गेले. 11 जुलै रोजी तो शस्त्रक्रियेनंतर वारला, तेव्हा त्याचे वय होते अवघे 38. मेंदूत गाठ होती.

ही हकीकत आम्ही एका रात्री वाचली. जळके रबर हा शब्द वाचताच हातातले पुस्तक मिटले. सौभाग्यवतींना सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "अहो, रात्रभर कूस बदलत होतात, काय झाले?" तेव्हा सांगावे लागले. त्या उठल्या, देवापाशी दिवा लावला, आणि म्हणाल्या, "आजच दाखवून येऊ." तीन महिने आम्ही त्यांना वेड्यात काढतो की त्या आम्हांला, असा वाद होता, तो त्या क्षणी संपला.

मेंदूविकारतज्ज्ञांनी आमची वही बारकाईने पाहिली, आणि ती वहीच अधिक उपयोगी ठरली. फेफऱ्याच्या जातीचा वास बहुधा काही सेकंद ते एक-दोन मिनिटे टिकतो, अचानक येतो, आणि त्याबरोबर पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटणे, भान हरपणे, ओठ चाटणे अशी लक्षणे असू शकतात. अर्धशिशीच्या आधी येणारा वास काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहतो आणि मागून डोके दुखते. आमचा वास पहाटे आणि जोराच्या शिंकेनंतर येई, तासन्‌तास रेंगाळे, आणि डावी नाकपुडी दाबली की कमी होई. नाकपुडी दाबून वास थांबला तर दोष बहुधा नाकाकडचा, हे तिथे उमगले. तरीही त्यांनी डोक्याचे एमआरआय चित्र काढायला लावले. त्या नळीत पडून आम्ही पाढे म्हणत होतो. एकोणतीसच्या पाढ्यात दोनदा चुकलो. निकाल आला: गाठ नाही, रक्तस्राव नाही. तज्ज्ञ म्हणाले, "काका, आग घरात नाही, मेंदूतही नाही. घंटा बिघडली आहे."

आपण म्हणाल, मग शोध संपला. नाही. इथून पुढचा भाग आम्ही मुद्दाम सांगणार आहोत, कारण त्याचा संबंध आपणा सर्वांशी आहे.

वास खोटा आहे असे कळल्यावर आम्ही निश्चिंत झालो, आणि निश्चिंतपणाच आमच्या मुळावर आला. जानेवारीतल्या एका सायंकाळी सौभाग्यवती देवळात गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या होत्या, "दुधाकडे लक्ष ठेवा." आम्ही वाचीत बसलो. थोड्या वेळाने करपटाण आली. आम्ही मनात म्हटले, आलीस का बाई, ये. आणि पान उलटले. वास वाढला. आम्ही शास्त्रशुद्ध पद्धतीने डावी नाकपुडी दाबली. वास उजवीनेही येत होता. तरी आम्ही उठलो नाही! इतक्यात शेजारची सूनबाई धावत आली: "काका, तुमच्याकडे काहीतरी पेटलंय!" दूध आटून पातेले काळे ठिक्कर झाले होते आणि शेगडीशेजारचे फडके पेटून ज्वाळा मांडणीच्या लाकडापर्यंत पोचली होती. त्या पोरीने ओले पोते टाकून ती विझवली. ज्यांच्यावर आम्ही कचरा जाळल्याचा आळ घेतला, त्याच घरातली ही मुलगी.

त्या रात्री आम्हांला कळले, की खोटा वास माणसाचे काय हिरावतो. तो खऱ्या वासावरचा विश्वास घालवतो. आधी आम्ही खोट्याला खरे मानून फळ्या उचकटल्या, आणि मग खऱ्याला खोटे मानून घर पेटू दिले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा उग्र वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे कोट्यवधी घरांची राखण नाकाच्या भरवशावर चालली आहे. ज्यांचे नाक गेले वा बिघडले, त्यांच्या घराचा पहारेकरीच झोपला.

तेव्हापासून आमच्या घरात तीन नियम आहेत. वास आला की उठून पाहावयाचे, शंभरदा खोटा ठरला तरी एकशे एकाव्यांदाही. दुसऱ्या माणसाला विचारावयाचे, आणि त्याने न हसता उत्तर द्यावयाचे. आणि ओट्यापाशी कोणी नसेल तर शेगडी बंद. गॅसची गळती ओळखणारे एक लहान यंत्रही मुलाने आणून भिंतीला लावले; त्याला करोना होत नाही, हा त्याचा मोठा गुण.

उपचाराविषयी थोडक्यात सांगतो. तज्ज्ञ विद्यार्थिनीने मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले. पाणी उकळून निववलेलेच हवे, ही तिची सक्त ताकीद. दुसरा उपाय वासाच्या तालमीचा. जर्मनीतील ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली तो प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, मन लावून, 12 आठवडे घ्यावयाचे. हरवलेली वासाची शक्ती परत यावी म्हणून हा उपाय. आभासी वासाला तो लागू पडेलच असे कोणी वचन देत नाही. काहींना औषधे द्यावी लागतात, क्वचित शस्त्रक्रियेपर्यंत जावे लागते, आणि पुष्कळांचा वास काळानेच विरतो. आम्ही तालीम धरली. पहिला महिना लवंग आणि लिंबू यांत फरक कळेना. सौभाग्यवती समोर बसत आणि परीक्षा घेत. चाळीस वर्षे दुसऱ्यांची परीक्षा घेतलेल्या माणसाला रोज नापास होताना पाहून त्यांना मनातून गंमत वाटत असावी. अकराव्या आठवड्यात डोळे मिटून आम्ही "लवंग" म्हणालो आणि ती लवंगच होती. 2023 सालच्या उन्हाळ्यात अढीतल्या आंब्याचा वास पुन्हा आला. करपटाण आजही कधीतरी पहाटे येते. पण आता ती घरमालकीण नाही, ओळखीची भाडेकरू आहे.

हे दुखणे दुर्मिळ आहे असे मानू नका. अमेरिकेत 2011 ते 2014 या काळातल्या पाहणीत चाळिशीपुढच्या सात हजारांहून अधिक लोकांना विचारले, तेव्हा सुमारे 6.5 टक्क्यांनी नसलेला वास येतो असे सांगितले. स्त्रियांत प्रमाण अधिक होते. आणि त्यांच्यापैकी साधारण नवांत एकानेच वासाची तक्रार वैद्याच्या कानावर घातली होती. तेच प्रमाण आपल्याकडे असेल असे आम्ही म्हणत नाही. पण असले, तर या मंडपातील तीनशे प्रौढांत वीसजण आमचे सोबती निघतील, आणि त्यांतले अठराजण गप्प बसलेले असतील.

त्या अठराजणांसाठी हे व्याख्यान. आपण वेडे नाही. वही करा, नाकपुडी दाबून पाहा, आणि वैद्याकडे जा. वासाबरोबर झटके, भान हरपणे, नवी डोकेदुखी, हातापायांत कमजोरी असेल, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर तो सुरू झाला असेल, तर एक दिवसही दवडू नका. आणि त्यांच्या घरच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे: कोणी म्हणाले, "मला जळल्याचा वास येतो," तर "काही नाही" असे बसल्या जागेवरून म्हणू नका. उठा, त्याच्याबरोबर स्वयंपाकघरापर्यंत चालत जा, पाहा, आणि मग म्हणा. आमच्या शेजाऱ्यांकडे आम्ही त्यानंतर पेढे घेऊन गेलो आणि क्षमा मागितली. सूनबाई म्हणाली, "काका, पेढ्यांचा वास येतोय ना?" येत होता. वेलदोड्याचा होता, आणि खरा होता.